दर १ तारखेला ‘टू मेनी कनेक्शन्स’ : डेटाबेस रॅपर क्लासची तपासणी आणि दुरुस्ती

ठाणे आणि नवी मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांची देखभाल बिले, पावत्या आणि थकबाकी सांभाळणारे, पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर चालणारे एक वेब ॲप्लिकेशन या लेखनासाठी डोळ्यांसमोर ठेवले आहे. महिनाभर ते विनातक्रार चालते. १ तारखेला सायंकाळी बिले तयार होऊन सभासदांना एसएमएस गेले, की थोड्याच वेळात पाने उघडेनाशी होतात आणि लॉगमध्ये १०४० क्रमांकाची, म्हणजेच ‘टू मेनी कनेक्शन्स’ (डेटाबेसशी एका वेळी मर्यादेपेक्षा जास्त जोडण्या) ही त्रुटी ओळीने दिसू लागते. मुंबईहून परतणाऱ्या लोकलमध्ये उभे असलेले घोडबंदर रोडचे, ऐरोलीचे, घणसोलीचे सभासद एसएमएसमधील लिंक उघडतात आणि त्याच वेळी संस्थांच्या कार्यालयांत व्यवस्थापक पेटीतून काढलेल्या चेकच्या पावत्या भरत बसलेले असतात. कोणीतरी मायएसक्यूएल रीस्टार्ट करतो, गाडी रुळावर येते आणि पुढच्या १ तारखेपर्यंत विषय मागे पडतो.

याच ॲप्लिकेशनबद्दल आणखी तीन तक्रारी अधूनमधून येतात, पण त्यांचा वरच्या प्रकाराशी संबंध कोणी जोडत नाही. एखादी पावती छापली जाते, पण सभासदाच्या खतावणीत तिची नोंद सापडत नाही. एखाद्या पानावर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. एखाद्या सभासदाने आपली माहिती उघडून, काहीही न बदलता ‘साठवा’ हे बटण दाबले, तर ‘नोंद साठवता आली नाही’ असा संदेश येतो. या चारही तक्रारींचा माग काढत गेल्यास तो बहुतेक वेळा एकाच फाइलपाशी, म्हणजे डेटाबेसशी बोलण्यासाठी घरीच लिहिलेल्या रॅपर क्लासपाशी येऊन थांबतो. कनेक्शन कोण उघडतो, ट्रान्झॅक्शनचा (एकत्रच पूर्ण किंवा रद्द व्हायच्या बदलांच्या गटाचा) मालक कोण आणि चूक झाल्यास ती कोणाला कळवायची, हे तीन निर्णय असा क्लास गुपचूप घेत असतो, आणि ते कोठेही लिहून ठेवलेले नसल्यामुळे प्रत्येक नवा प्रोग्रामर आपापल्या समजुतीने तो वापरतो.

मर्यादा वाढवण्यापूर्वी

मायएसक्यूएलमध्ये एका वेळी उघड्या राहू शकणाऱ्या कनेक्शनची मूळ मर्यादा १५१ असते. १०४० ही त्रुटी दिसली, की ती ३०० किंवा ५०० करण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि एक-दोन महिने त्याने आराम पडतोही. परंतु प्रत्येक कनेक्शनला स्वतःची मेमरी लागते. लहान भाड्याच्या सर्व्हरवर ही संख्या मनमानी वाढवली, तर गर्दीच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी मोकळी करण्यासाठी मायएसक्यूएलची प्रोसेसच बंद करू शकते, आणि मग काही जणांना पान न दिसण्याऐवजी कोणालाच दिसत नाही. म्हणून आधी सर्व्हरलाच विचारावे.

त्रुटी येत असतानाच ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा चालवावी. मर्यादा भरलेली असतानाही प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यासाठी मायएसक्यूएल एक जादा कनेक्शन राखून ठेवते. वेब ॲप्लिकेशनलाही तेच अधिकार दिलेले असतील, तर ती राखीव जागा ॲप्लिकेशनच अडवते आणि ऐन वेळी आपल्यालाच आत शिरता येत नाही. यादी समोर आली, की ‘कमांड’ आणि ‘टाइम’ हे दोन रकाने पाहावेत. बहुतेक ओळींत ‘क्वेरी’ असे लिहिलेले असेल आणि सेकंद वाढत असतील, तर दुखणे संथ क्वेरीचे किंवा हरवलेल्या इंडेक्सचे (शोध वेगवान करणाऱ्या सूचीचे) आहे, आणि पुढील मजकुरातील बराचसा भाग त्याला लागू होणार नाही. बहुतेक ओळींत ‘स्लीप’ असेल, तर कनेक्शन उघडून ठेवले आहे, पण त्यावर काम काहीच चाललेले नाही. वर सांगितलेल्या प्रकारात जवळजवळ सगळी यादी ‘स्लीप’ने भरलेली असते आणि मधूनच एखादी ‘क्वेरी’ची ओळ कोणत्या तरी इन्सर्टवर (नवी ओळ टाकण्याच्या आज्ञेवर) ३०-४० सेकंद अडकून बसलेली दिसते. ती ओळ टिपून ठेवावी, कारण खरा उलगडा तिच्यातच आहे.

दुसरी तपासणी चाचणी सर्व्हरवर, इतर कोणी वापरत नसताना करावी. मायएसक्यूएलमध्ये ‘कनेक्शन्स’ नावाचा एक स्थिती-मापक असतो आणि सर्व्हर सुरू झाल्यापासून कनेक्शनसाठी झालेल्या प्रयत्नांची संख्या तो सांगतो. तो आकडा पाहावा, ब्राउझरमध्ये बिलाचे एकच पान एकदाच उघडावे, आणि त्याच सत्रातून आकडा पुन्हा पाहावा. तो १ ने वाढला, तर ठीक. ४ ने वाढला, तर सभासद, बिल, पावती आणि खतावणी या चार क्लासांनी आपापले कनेक्शन उघडले असे समजावे. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपी चालवणाऱ्या सेवेत) एका वेळी ४० वर्करची (एकेक रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसची) मुभा असेल, तर ४० गुणिले ४ म्हणजे १६०, आणि मर्यादा १५१. महिनाभर हा गुणाकार पूर्णत्वाला जात नाही, कारण चाळीसच्या चाळीस वर्कर एकाच वेळी कामात नसतात. १ तारखेला मात्र ते असतात.

पर्सिस्टंट कनेक्शन (रिक्वेस्ट संपल्यावरही उघडी ठेवलेली) वापरात असतील, तर हा मापक वाढणार नाही आणि तपास फसेल. म्हणून चाचणीपुरती ती सुविधा बंद ठेवावी. पर्सिस्टंट कनेक्शनचा आणखी एक चकवा आहे. पीडीओ, म्हणजे पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग, असे कनेक्शन पत्ता, खाते आणि पासवर्ड यांच्या जोडीवरून ओळखते, त्यामुळे एका फाइलमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि दुसरीत ‘१२७.०.०.१’ (दोन्हींचा अर्थ हाच सर्व्हर) लिहिलेले असेल, तर प्रत्येक वर्कर दोन-दोन कनेक्शन धरून बसतो, आणि ‘वेट टाइमआउट’चे (स्वस्थ कनेक्शन बंद होण्याच्या मुदतीचे) मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास असल्याने ती लवकर सुटतही नाहीत. माझ्या मते या आकाराच्या ॲप्लिकेशनला पर्सिस्टंट कनेक्शनची गरज नसते. डेटाबेस त्याच सर्व्हरवर किंवा त्याच डेटा सेंटरमध्ये असताना नवे कनेक्शन न उघडल्याने जो वेळ वाचतो, त्याच्या बदल्यात मागच्या रिक्वेस्टची शिल्लक सेटिंग्ज पुढच्या रिक्वेस्टच्या गळ्यात पडतात.

एकाच पावतीची दोन कनेक्शन

आता त्या अडकलेल्या इन्सर्टकडे वळू. व्यवस्थापक पावती साठवतात तेव्हा आत काय घडते ते क्रमाने पाहावे. पावतीचा क्लास स्वतःच्या कनेक्शनवर, त्याला ‘अ’ म्हणू, ट्रान्झॅक्शन सुरू करतो आणि पावतीची ओळ टाकतो. कमिट, म्हणजे बदल कायम करणे, अजून झालेले नाही. पुढच्याच ओळीत तो खतावणीच्या क्लासला हाक मारतो. त्या क्लासचे कनेक्शन वेगळे, त्याला ‘ब’ म्हणू. खतावणीच्या टेबलात पावती क्रमांकाची फॉरेन की आहे, म्हणून तेथे ओळ टाकताना संबंधित पावती खरोखर अस्तित्वात आहे का, हे इनोडीबीला (मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनाला) तपासावे लागते आणि त्यासाठी पावतीच्या ओळीवर कुलूप मिळवावे लागते. ती ओळ तर ‘अ’ने धरून ठेवलेली आहे. ‘ब’ थांबतो. ‘अ’ कमिट करील तेव्हा ‘ब’ सुटेल, पण ‘अ’ला कमिट करण्याची आज्ञा देणारा पीएचपीचा कोड ‘ब’च्या उत्तराची वाट पाहत उभा आहे.

याला डेडलॉक (दोघांनी एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसणे) म्हणण्याचा मोह होतो, परंतु इनोडीबीच्या दृष्टीने हा डेडलॉक नाही. ‘ब’ हा ‘अ’साठी थांबला आहे एवढेच त्याला दिसते, ‘अ’ कोणत्याही कुलपासाठी थांबलेला नाही, तो नुसता स्वस्थ आहे, आणि प्रोसेसलिस्टमध्ये त्याची ओळ ‘स्लीप’ अशी दिसते. वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग पीएचपीच्या आत असल्यामुळे डेडलॉक शोधणारी यंत्रणा येथे काही करू शकत नाही. ‘इनोडीबी लॉक वेट टाइमआउट’ची मूळ मुदत ५० सेकंद असते, तेवढा वेळ गेल्यावर १२०५ क्रमांकाची त्रुटी येते. पीएचपीची ३० सेकंदांची कार्यमर्यादाही येथे सोडवायला येत नाही, कारण लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. या ५० सेकंदांत व्यवस्थापक बटण पुन्हा दाबतात, आणखी एक वर्कर आणि आणखी काही कनेक्शन अडकतात.

आता प्रश्न असा की मग प्रत्येकच पावती का अडकत नाही? कारण जुन्या कोडमध्ये पावती भरण्याचे सहसा दोन-तीन मार्ग असतात. एकेक पावती भरण्याचा पडदा ट्रान्झॅक्शनविना चालतो, आणि तेथे प्रत्येक इन्सर्ट आपोआप कमिट होतो. चेकचा गठ्ठा एकदम भरण्याचा पडदा नंतर कोणीतरी ‘सुरक्षित’ केलेला असतो. तो नेमका महिन्याच्या सुरुवातीला वापरला जातो. ट्रान्झॅक्शन घातल्यामुळे बिघाड झाला असे वरवर दिसत असल्याने ती काढून टाकण्याचा निष्कर्ष निघतो, आणि मग खतावणीत नोंद नसलेल्या पावत्या जन्माला येतात: पावती कमिट झाली, पुढच्या इन्सर्टला त्रुटी आली, आणि मागचे पुसायला कोणी उरले नाही.

सर्व क्लासांना एकच कनेक्शन दिले की ही कोंडी सुटते, पण तेवढ्यावर थांबल्यास दुसरा सापळा उघडतो. पावतीचा क्लास ट्रान्झॅक्शन सुरू करतो, खतावणीचा क्लासही आपली सुरू करतो, आणि दोघे आता एकाच कनेक्शनवर आहेत. जुन्या रॅपरमध्ये ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ ही आज्ञा साध्या क्वेरीसारखी थेट पाठवलेली असेल, तर मायएसक्यूएल त्या क्षणी आधीची ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट करते आणि नवी सुरू करते. पुढे रोलबॅक झाला, म्हणजे बदल मागे घेतले गेले, तर तो आतल्या भागाचा होतो. पावती मात्र राहते. पीडीओची स्वतःची ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ ही मेथड वापरली, तर दुसऱ्या वेळी ती एक्सेप्शन (काम थांबवणारा चुकीचा इशारा) टाकते, आणि ते बरेच बरे, कारण निदान काहीतरी चुकते आहे हे कळते.

टेबलांच्या रचनेला हात लावणाऱ्या आज्ञाही अशाच गुपचूप कमिट करतात. बिले तयार करणाऱ्या कामात आधीचे तात्पुरते टेबल रिकामे करण्यासाठी ‘ट्रंकेट’ वापरलेले असेल, तर त्यापूर्वी त्या ट्रान्झॅक्शनमध्ये झालेले सर्व काही त्या ओळीवर कायम होते. तेथे ‘डिलीट’ वापरावे किंवा ट्रंकेट ट्रान्झॅक्शन सुरू होण्यापूर्वी उरकावे. ‘क्रिएट टेम्पररी टेबल’ला मात्र हा दोष लागत नाही.

क्लासची नवी मांडणी

रॅपर क्लासने थोडे करावे आणि जे करील ते लपवू नये, या मताने पुढची मांडणी सुचवीत आहे. क्वेरी लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून ‘व्हेअर’च्या अटी ॲरेमधून घेणारा, जॉइन स्वतः जुळवणारा, निम्मा ओआरएम (टेबलांना ऑब्जेक्टचे रूप देणारी लायब्ररी) झालेला क्लास घरी लिहू नये. तो लिहिणाऱ्यालाच वर्षभराने वाचता येत नाही. तेवढी सोय हवीच असेल, तर तयार आणि तपासून निघालेली लायब्ररी घ्यावी.

पाच मेथड पुरतात: एक ओळ आणणारी, सर्व ओळी आणणारी, एकच मूल्य आणणारी, इन्सर्ट-अपडेट-डिलीट चालवणारी, आणि ट्रान्झॅक्शन चालवणारी. पहिल्या चारही मेथड एसक्यूएलचे वाक्य आणि त्यातील मूल्ये वेगवेगळी घेतात. मूल्ये वाक्यात जोडून पाठवण्याची वाटच ठेवायची नाही, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनचा (मूल्यांतून घुसवलेल्या आज्ञांचा) प्रश्न शिस्तीवर सोपवावा लागत नाही. टेबलाचे किंवा रकान्याचे नाव मात्र प्लेसहोल्डरने (मूल्यासाठी राखलेल्या खुणेने) पाठवता येत नाही. थकबाकीची यादी कोणत्या रकान्यानुसार लावायची हे ब्राउझरकडून येत असेल, तर ते नाव परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी ताडून मगच वाक्यात घ्यावे.

कनेक्शन कन्स्ट्रक्टरमध्ये उघडू नये. पहिली क्वेरी येईल तेव्हा उघडावे, म्हणजे डेटाबेसला हात न लावणारी पाने कनेक्शन खात नाहीत. या क्लासचा ऑब्जेक्ट ॲप्लिकेशनच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये एकदाच तयार करावा आणि सभासद, बिल, पावती, खतावणी या क्लासांना कन्स्ट्रक्टरमधून द्यावा. येथे अनेक जण सिंगल्टन (कोठूनही थेट मिळणारा एकच ऑब्जेक्ट) सुचवतील. त्याने कनेक्शन एकच राहते हे खरे, पण कोणता क्लास डेटाबेसला हात लावतो हे त्याच्या कन्स्ट्रक्टरकडे पाहून कळत नाही, चाचणीसाठी दुसरा डेटाबेस देता येत नाही, आणि अहवालांसाठी पुढे वेगळी प्रत ठेवायची झाली तर सगळा कोड चाळावा लागतो.

प्रत्येक संस्थेचा डेटाबेस वेगळा असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये एक विशेष काळजी घ्यावी लागते. सामायिक कनेक्शनवर ‘यूज’ ही आज्ञा देऊन एका संस्थेकडून दुसरीकडे जाण्याची पद्धत जुन्या कोडमध्ये आढळते. कनेक्शन अनेक होती तोवर ती खपून गेली. आता एकच कनेक्शन असताना कोणी डेटाबेस बदलून परत मूळ जागी आणायला विसरला, तर माजिवड्याच्या संस्थेची पावती नेरुळच्या संस्थेच्या वहीत पडेल, आणि कोणतीही त्रुटी येणार नाही. प्रत्येक डेटाबेससाठी रॅपरचा स्वतंत्र ऑब्जेक्ट असावा.

कनेक्शन उघडण्याच्या जागीच चार सेटिंग्ज पक्क्या कराव्यात, इतरत्र कोठेही नाहीत. पहिली, चुकीवर एक्सेप्शन टाकणे. पीएचपी ८.० पासून पीडीओ हे स्वतःहून करते, त्यापूर्वी ते मुकाट राहत असे, आणि आजही जुन्या सर्व्हरवर चालणारा कोड पुष्कळ आहे. दुसरी, प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (वाक्य आणि मूल्ये सर्व्हरला वेगवेगळी पाठवण्याची) नक्कल बंद करणे. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मुळात नक्कलच करते, आणि त्या स्थितीत मूल्ये ॲरेने दिली तर ‘लिमिट’पुढचा आकडा अवतरणात जाऊन १०६४ क्रमांकाची व्याकरणाची त्रुटी येते. नक्कल बंद केल्यावर एकच नावाचा प्लेसहोल्डर एका वाक्यात दोनदा वापरता येत नाही, त्यामुळे शोधाच्या पानांवरील काही क्वेरी बदलाव्या लागतील. तिसरी, कॅरेक्टर सेट (अक्षरांची सांकेतिक पद्धत). चौथी, टाइम झोन.

टाइम झोनबद्दल थोडे अधिक. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी आदलाच दिवस चालू असतो. १ एप्रिलच्या पहाटे ऑनलाइन भरलेली रक्कम ३१ मार्चची, म्हणजे मागील आर्थिक वर्षाची ठरते, आणि हे लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. कनेक्शन उघडताच टाइम झोन ‘+०५:३०’ असा ठेवावा. त्याचा परिणाम ‘नाऊ’ या फंक्शनवर आणि टाइमस्टॅम्प प्रकारच्या रकान्यांवर होतो. डेटटाइम रकान्यांत आधी पडलेली मूल्ये तशीच राहतात, ती स्वतंत्रपणे तपासावीत.

ट्रान्झॅक्शनची मेथड हा या क्लासचा गाभा. तिला करायचे काम क्लोजरच्या (पुढे देता येणाऱ्या फंक्शनच्या) रूपात द्यावे. ती ट्रान्झॅक्शन सुरू करते, काम चालवते, सुरळीत झाले तर कमिट करते, एक्सेप्शन आले तर रोलबॅक करून तेच एक्सेप्शन पुढे टाकते. बिगिन, कमिट आणि रोलबॅक या तीन मेथड बाहेर उघड्याच ठेवू नयेत, म्हणजे मध्येच ‘रिटर्न’ झाल्यामुळे लोंबकळत राहिलेली ट्रान्झॅक्शन उरत नाही. एकीच्या आत दुसरी सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तर सेव्हपॉइंटने (ट्रान्झॅक्शनमधील परतीच्या खुणेने) निभावून नेता येते, आणि बऱ्याच लायब्ऱ्या तसे करतात. मी मात्र सरळ नकार देणे पसंत करतो. पावती साठवणे हे एक संपूर्ण काम आहे आणि त्याची सुरुवात व शेवट ते काम ओळखणाऱ्या वरच्या स्तरानेच ठरवावा. खतावणीच्या क्लासला ट्रान्झॅक्शन सुरू करावीशी वाटणे, हेच मांडणी घसरल्याचे चिन्ह आहे.

खरा डेडलॉक आला, म्हणजे १२१३ क्रमांकाची त्रुटी आली, तर इनोडीबी संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेते; अशा वेळी पूर्ण क्लोजर पुन्हा चालवणे सुरक्षित असते. १२०५ मध्ये मूळ सेटिंगनुसार शेवटचे वाक्यच मागे घेतले जाते आणि ट्रान्झॅक्शन उघडी राहते, म्हणून तेथे रोलबॅक आपणच करावा लागतो. पुन्हा चालवण्याची सोय ठेवायची असेल, तर क्लोजरच्या आत एसएमएस, ई-मेल किंवा पेमेंट गेटवेला हाक असता कामा नये, नाहीतर एकाच पावतीचे दोन एसएमएस जातील. तसेही, बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत कुलपे धरून बसणे हे या सगळ्या दुखण्याचेच दुसरे रूप आहे. एसएमएस आणि पीडीएफची कामे एका टेबलात रांगेला लावून नंतर क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीने) उरकावीत.

पावती क्रमांकाचाही प्रश्न येथेच मिटवून घ्यावा. सर्वांत मोठा क्रमांक शोधून त्यात १ मिळवण्याची पद्धत दोन संगणकांवरून एकाच वेळी पावत्या भरल्यास एकच क्रमांक दोनदा देते, आणि ऑटो इन्क्रिमेंटमध्ये रोलबॅक झालेले क्रमांक वाया जाऊन मालिकेत खंड पडतो. संस्था आणि आर्थिक वर्ष यांच्या जोडीसाठी एक क्रमांक-ओळ ठेवावी, ट्रान्झॅक्शनच्या शेवटाकडे ती ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने (वाचतानाच कुलूप लावणाऱ्या आज्ञेने) वाचून वाढवावी, आणि पावतीच्या टेबलावर संस्था, वर्ष व क्रमांक यांचा युनिक इंडेक्स ठेवावा. ही ओळ ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीलाच धरली, तर त्या संस्थेच्या सर्व पावत्या एकामागे एक अडून राहतील.

‘फॉल्स’चे तीन अर्थ

जुन्या रॅपरमध्ये क्वेरी चुकली तरी ‘फॉल्स’, ओळ सापडली नाही तरी ‘फॉल्स’ आणि एकही ओळ बदलली नाही तरी ‘फॉल्स’ येते. वापरणाऱ्या कोडने यातून काय समजायचे? डेटाबेस बंद असताना ‘असा सभासद अस्तित्वात नाही’ असे सांगणारे पान याच सवयीतून येते. नव्या क्लासमध्ये ओळ नसेल तर ‘नल’, यादी रिकामी असेल तर रिकामा ॲरे, बदलांसाठी ओळींची संख्या, आणि चुकीसाठी प्रत्येक वेळी एक्सेप्शन असे ठरवून प्रत्येक मेथडला परतीचा प्रकार लिहावा.

काहीही न बदलता साठवल्यावर येणाऱ्या चुकीच्या संदेशाचे कारणही येथेच आहे. अपडेटनंतर मायएसक्यूएल ज्या ओळींतील मूल्ये खरोखर बदलली तेवढ्याच मोजते. जुनेच नाव पुन्हा साठवले, तर उत्तर ० येते, आणि रॅपर ते अपयश मानतो. कनेक्शन उघडताना पीडीओचा ‘फाउंड रोज’ हा पर्याय चालू केल्यास अटीत बसलेल्या सर्व ओळी मोजल्या जातात.

एक्सेप्शन प्रत्येक मेथडमध्ये झेलू नये. रॅपरने त्याला एसक्यूएलचे वाक्य जोडून पुढे पाठवावे आणि ॲप्लिकेशनच्या सर्वांत वरच्या एकाच जागी ते झेलून सभासदाला साधा संदेश व एक संदर्भ क्रमांक दाखवावा. उरलेला तपशील लॉगमध्ये जावा. लॉगमध्ये मूल्ये जशीच्या तशी लिहू नयेत, कारण त्यांत मोबाइल आणि पॅन क्रमांक असतात. कनेक्शनच जमले नाही, तर स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कोठे झाली हे दाखवणाऱ्या यादीत) डेटाबेसचा पासवर्ड छापला जाण्याचा धोका असतो, पीएचपी ८.२ पासून असे पॅरामीटर संवेदनशील म्हणून खूण करून झाकता येतात.

प्रश्नचिन्हे

एकाच सभासदाचे नाव एका पानावर नीट आणि दुसऱ्यावर प्रश्नचिन्हांत दिसत असेल, तर साठवलेले नाव शाबूत आहे. दुसरे पान कॅरेक्टर सेट न सांगता उघडलेल्या कनेक्शनवर चालते आहे. घाईने दुरुस्ती करू नये आणि त्या पानावरून काहीही साठवू नये. फॉर्ममध्ये आलेली प्रश्नचिन्हे तशीच साठवली गेली, की नाव कायमचे गेले. याउलट, डोक्यावर चिन्हे असलेल्या लॅटिन अक्षरांची गर्दी दिसली, तर चूक लिहिणाऱ्या कनेक्शनची होती, आणि तो मजकूर बहुधा उलट रूपांतर करून परत मिळवता येतो. आधी बॅकअप घ्यावा.

कॅरेक्टर सेट म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ द्यावा. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला कमाल ३ बाइट देतो. देवनागरीला तेवढे पुरतात, इमोजीला ४ लागतात, आणि तक्रारीच्या रकान्यात सभासद इमोजी टाकतातच. रकान्याची लांबी ठरवताना काने-मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात हे ध्यानात ठेवावे: ‘देशपांडे’ हे नाव चार अक्षरी असले, तरी डेटाबेसच्या लेखी ते ८ वर्णचिन्हे आणि २४ बाइट आहे.

बदल करताना

चालू ॲप्लिकेशनमधील सर्व कोड एका रात्रीत बदलण्याची गरज नाही. जुन्या क्लासचे नाव तसेच ठेवून त्याच्या आतून नवा ऑब्जेक्ट वापरायला लावावा, म्हणजे कनेक्शन पहिल्याच दिवशी एकावर येते. पण हे करण्यापूर्वी जुन्या कोडमधील ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ आणि ‘यूज’ ही दोन्ही वाक्ये शोधून काढावीत, कारण कनेक्शन एक झाल्या क्षणी त्यांचा वर सांगितलेला उपद्रव सुरू होतो. मग पावतीचा मार्ग, त्यानंतर बिलांचा, आणि अहवालांची पाने सर्वांत शेवटी, अशा क्रमाने नव्या मेथडकडे जावे.

एसएमएस पाठवणाऱ्या लांबलचक क्रॉनच्या कामात २००६ क्रमांकाची, ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ ही त्रुटी आढळल्यास रॅपरमध्ये आपोआप पुन्हा जोडणारा कोड घालण्यापूर्वी थांबावे. ट्रान्झॅक्शन उघडी असताना कनेक्शन तुटले, तर तिचा पहिला अर्धा भाग गेलेला असतो; नव्या कनेक्शनवर उरलेला अर्धा चालवणे म्हणजे पुन्हा खतावणीविना पावती. ट्रान्झॅक्शन चालू नसेल तरच पुन्हा जोडावे, आणि जोडताना वरील चारही सेटिंग्ज व ‘फाउंड रोज’ पुन्हा लागू होतील याची खात्री करावी. स्कॅन केलेले मोठे दस्तऐवज डेटाबेसमध्ये साठवताना पॅकेटची कमाल मर्यादा ओलांडली गेली तरी हीच त्रुटी येते, हेही तपासून घ्यावे.

चाचणी सर्व्हरवर ‘इनोडीबी लॉक वेट टाइमआउट’ ५ सेकंदांवर आणावा, म्हणजे अडकणाऱ्या जागा लवकर उघड होतात. चेकचा गठ्ठा भरण्याचा पडदा दोन ब्राउझरमधून एकाच वेळी चालवावा, मधेच ‘किल’ आज्ञेने एक कनेक्शन तोडावे, आणि त्यानंतर पावत्यांची बेरीज व खतावणीची बेरीज जुळते का ते पाहावे. प्रत्यक्ष सर्व्हरवर वेबसाठी, क्रॉनसाठी आणि अहवालांसाठी मायएसक्यूएलची स्वतंत्र खाती करून प्रत्येकाला कनेक्शनची वेगळी कमाल मर्यादा द्यावी. ४० वर्कर असतील, तर वेबच्या खात्याला ४५ पुरतात. ४६ वे मागणारा कोड कोठेतरी शिल्लक असेल, तर तो लॉगमध्ये वेगळ्या क्रमांकाच्या त्रुटीने नोंदवला जातो, आणि त्या वेळी क्रॉन, अहवाल व प्रशासक या तिघांची जागा शाबूत असते.